उपाशी, पण पाणी पिऊन

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर
एक तारीख आणि कोंबडीचं पाऊल.
मेडिकलवाल्या इरफाननं ते पाऊल वाचलं :
"पोटाची सोनोग्राफी. उपाशी जायचं, पण पाणी पिऊन."
हौसावन्सं म्हणाल्या, "मग मंगळवारीच जाऊ.
तेवढाच उपास कामी येईल."

पालिकेच्या दवाखान्यात तारीख मिळाली होती
दसऱ्यानंतरची.
खिडकीतला माणूस वाईट नव्हता,
वही फिरवून दाखवली त्यानं, बघा, माझ्या हातात आहे का काही?
दुखणं मात्र आषाढातलं होतं,
उजव्या बरगडीखालून पाठीकडे सरकणारं.

विक्रोळीत पूर्वेला फिरलो, टागोर नगर, कन्नमवार नगर.
वन्संच्या हातात पाण्याची बाटली,
माझ्या रुमालात चौदाशे रुपये.
पहिल्या ठिकाणी अठराशे.
दुसऱ्या ठिकाणी मशीन बंद, माणूस चालू :
उद्या या, परवा या, नाहीतर आमच्या भांडुपच्या शाखेत जा.
तिसऱ्याचं दार काचेचं, आपोआप उघडणारं.
ते दोनदा उघडलं, दोनदा मिटलं,
आम्ही पायरीवरच.

पत्ता शेवटी रद्दीवाल्यानं दिला.
"घाटकोपरला ट्रस्टचं आहे, देरासराच्या मागं. साडेपाचशे घेतात.
आमच्या हिचं तिथंच केलं."
पुठ्ठ्याच्या तुकड्यावर त्यानं नकाशा काढला :
नाला, वड, झेरॉक्स, जिना.
हिचं पुढं काय झालं, ते त्यानं सांगितलं नाही,
आम्हीही विचारलं नाही.

बाकावर नऊ बायका, नऊ बाटल्या.
"प्रेशर आलं का?" काउंटरवरची पोरगी
भाजीचा भाव विचारावा तशी सगळ्यांना विचारते.
समोर पाटी. वन्सं अक्षरं जुळवत वाचतात :
येथे गर्भलिंग निदान केले जात नाही.
"अगं, मी बासष्टची. मला कशाला सांगतात?"
आवळून बसलेल्या सगळ्याजणी हसतात
आणि लगेच पस्तावतात.

"हंसाबेन!"
कुणीच उठत नाही.
"हंसाबेन!"
तिसऱ्या हाकेला मी वन्संना ढोसते.
पतीचं नाव? वन्सं माझ्याकडे बघतात.
मी सांगते, धोंडू.
त्याचा पत्ता कुणी विचारत नाही. बरं झालं.

आत अंधार, गारवा,
पोटावर काहीतरी थंड, बुळबुळीत.
डॉक्टरीणबाई पडद्याशी बोलतात,
आकडे इंग्रजीत, टायपिस्टसाठी.
राखेत कुणी बोट फिरवावं
तसं पडद्यावर काही हलतं.
"श्वास घ्या. धरा. सोडा."
धरणं वन्संना चांगलं जमतं.
सोडा म्हटल्यावरही
त्या थोडा वेळ धरूनच ठेवतात.

"खडा आहे. अकरा मिलिमीटर."
बाई दोन बोटांत अंतर दाखवतात.

एकतीस वर्षं वन्सं गोडाऊनमध्ये तांदूळ निवडतात,
किलोमागे दोन रुपये.
कोलमातला पांढरा खडा,
जो लोकांना दातांखाली आल्यावर कळतो,
त्यांच्या बोटांना आधीच कळतो.
त्या अंतराकडे त्यांनी
पेशंटसारखं पाहिलंच नाही.
"एवढा मोठा?
एवढा मोठा सुटला कसा माझ्या हातून?"
डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदाच
पडद्यावरून मान वळवली.

बाहेर आल्यावर आधी संडास, मग रिपोर्ट.
मग जिन्याखालच्या टपरीवर चहा;
उपासाला चालतो, म्हणतात त्या, चालत नसला तरी.
रिपोर्टमधला फोटो त्या उजेडाकडे धरतात,
तर्जनी फिरवतात,
डावीकडून उजवीकडे, ओळीनं,
सुपात फिरवतात तशी.

"ऑपरेशनला किती येईल, वर जाऊन विचारू का?"
"थांब," म्हणतात,
डोळे न उचलता,
"अजून एखादा असेल."